गाडी बोलते तेव्हा



कवीला आकाशवाणीवर बोलावले की त्याने कवितेवर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज फ्यूजवर बोलणार आहे. ट्रकमधल्या, दोन बोटांच्या चिमटीत मावणाऱ्या फ्यूजवर. बी.ए. झालो ते मराठी घेऊन. विजेचे शिक्षण मात्र अंजनगाव सुर्जीला माझ्या मामूंच्या दुकानात झाले. अकोटहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ते दुकान होते. वर पत्रे, पुढे चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, आत उघडून ठेवलेले डायनॅमो आणि सेल्फ. पाटीवर काहीही लिहिलेले असो, लोक त्याला ‘बॅटरीवाल्याचे दुकान’ म्हणत.

इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाचे नाव ३० डिसेंबर १८०३ च्या तहापुरते येते. शिंदे आणि इंग्रज यांच्यात तो तह झाला. रस्त्यावरच्या माणसाला मात्र अंजनगाव माहीत आहे ते पानमळ्यांसाठी, केळीसाठी आणि कापसासाठी. यातला कोणताही माल थांबून राहू शकत नाही. पान सुकते, केळ पिकते, कापसाला भाव आणि रांग गाठायची असते. म्हणून आमच्याकडचा ट्रक नेहमी घाईत असतो. त्या घाईपासूनच ही गोष्ट सुरू होते.

ऐंशीच्या दशकातली ती गोष्ट आहे. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झालेली होती. हंगामात खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्या आणि ट्रक यांची रांग लागे आणि ती कधी कधी दोन-दोन दिवस हलत नसे. मी दहावीत होतो. शाळा सुटली की दुकानात बसायचो. एका संध्याकाळी मामू मगरिबच्या नमाजाला गेले होते आणि कापसाने भरलेला एक ट्रक दुकानापुढे येऊन थांबला. मागचे दिवे लागत नव्हते. मी पाहिले तर फ्यूज उडालेला. नवा लावला, तो क्षणात गेला. दुसरा लावला, तोही गेला.

ड्रायव्हर खाली उतरून घाई करू लागला. “लवकर कर ना बे पोट्ट्या. रांग निंगून जाईन.” मग त्यानेच खिशातून सिगारेटचे पाकीट काढले, आतली चांदी फाडली आणि माझ्या हातात दिली. मी ती दुहेरी-तिहेरी घडी करून उडालेल्या फ्यूजवर गुंडाळली आणि होल्डरमध्ये दाबली. दिवे लागले. ड्रायव्हरने माझ्या हातावर दोन रुपये ठेवले. मला वाटले, आपण कारागीर झालो.

त्या रात्री ट्रक रांगेत उभा होता. मागून येणाऱ्या गाडीला दिसावे म्हणून मागचे दिवे लावून ठेवलेले होते. ड्रायव्हर चहाला गेला होता आणि क्लीनर केबिनमध्ये झोपला होता. माझ्याच वयाचा पोरगा. मागच्या दिव्यांची वायर चेसिसच्या एका भोकातून जात होती. त्या भोकाच्या धारेवर घासून घासून तिचे कव्हर फाटले होते आणि तांबे चेसिसला लागत होते. नवे फ्यूज उडत होते ते म्हणूनच. आता फ्यूजच्या जागी चांदी होती आणि चांदी काही उडाली नाही. तांबे पुन्हा चेसिसला टेकले, बॅटरी त्या वायरीत रिकामी होऊ लागली, वायर लाल झाली, डॅशबोर्डखालचा वायरींचा जुडगा पेटला, मग सीट पेटली.

बैलगाड्यांवर झोपलेले शेतकरी धावले. त्यांनी काच फोडून त्या पोराला बाहेर ओढले. त्याचे दोन्ही हात भाजले होते. उजव्या हाताची दोन बोटे पुढे एकमेकांना चिकटली, ती कायमचीच. कापूस पेटला की तो आतल्या आत धुमसतो. पाणी वरून वाहून जाते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या ढिगातून धूर निघत होता. त्यात आठ-दहा घरांचे वर्षाचे पीक होते.

सकाळी मामूंनी मला एवढेच विचारले, “काय लावलं होतं?” मी सांगितले. त्यांनी मला मारले नाही. ते सरळ दवाखान्यात गेले आणि त्या पोराच्या वडिलांना म्हणाले की चांदी आमच्या दुकानातून लागली आहे. त्याच्या औषधपाण्याचा खर्च त्यांनी हप्त्या-हप्त्याने वर्षभर दिला. मला मात्र ते एकच वाक्य बोलले. घरी आम्ही वेगळे बोलत असू, पण दुकानात ते वऱ्हाडीतच बोलत. “फ्यूज उडला म्हंजे गाडी बोलून राह्यली. काय झालं ते तिले इचारायचं. तिचं तोंड नाई दाबायचं.”

श्रोतेहो, आज मला जे सांगायचे आहे ते सगळे या वाक्यात आहे. आता त्यातला हिशेब सांगतो.

घरातल्या विजेला आपण भितो, कारण ती २३० व्होल्टची असते आणि झटका देते. ट्रकची बॅटरी १२ व्होल्टची असते. अनेक ट्रकांत अशा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. कोरड्या हाताने धरले तरी त्याचा झटका जाणवत नाही. म्हणून आपल्या मनात बसते की ही वीज गरीब आहे. पण आग व्होल्ट किती यावर लागत नाही. वायरीतून अँपिअर किती वाहतात यावर लागते. आणि अँपिअर देण्याच्या बाबतीत ट्रकची बॅटरी मुळीच गरीब नाही. थंडीत डिझेल इंजिन फिरवण्यासाठी सेल्फला शेकडो अँपिअर लागतात आणि ते तीच पुरवते.

एक साधा हिशेब करू. बॅटरीपासून निघालेली पाच मीटर लांबीची, दीड स्क्वेअर एमएमची वायर शेवटी चेसिसला टेकली. पाच मीटर तांब्याचा रोध ओहमच्या सहाशतांशाहून थोडा कमी. बॅटरीचा आणि जोडांचा मिळून आणखी एक शतांश धरू. १२ व्होल्टला त्याने भागले की प्रवाह येतो सुमारे १८० अँपिअर. जी वायर १५ अँपिअर आरामात नेते तिच्यातून १८०! त्या पाच मीटरमध्ये तयार होणारी उष्णता भरते सुमारे १८०० वॅट. म्हणजे घरातली दोन हजार वॅटची विजेची शेगडी जवळजवळ तेवढीच तापते. फरक इतकाच की शेगडीची तार मोकळ्या हवेत असते आणि ही वायर सीटखाली, रबरी मॅटखाली, डिझेलच्या नळीशेजारी असते. साध्या पीव्हीसीचे कव्हर सत्तर अंशांपर्यंत कायम टिकेल या हिशेबाने बनवलेले असते. त्याचे काय होणार ते सांगायला नको.

या वाटेवर आपण एक मुद्दाम कमजोर कडी ठेवतो, तिचे नाव फ्यूज. आत एक बारीक पट्टी असते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती प्रवाह जाऊ देते. त्यापलीकडे गेला की वायर तापण्याआधी स्वतः वितळते आणि वाट तोडते. कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात तारयंत्रांच्या बचावासाठी बारीक तारा वापरत. दिव्यांची वीज घरोघर नेऊ लागलेल्या एडिसनने १८९० साली फ्यूजचे पेटंट घेतले. त्याच सुमाराला विल्यम प्रीस या ब्रिटिश तारखात्याच्या अभियंत्याने कोणत्या धातूची किती जाड तार किती प्रवाहाला वितळते याचे गणित मांडले. त्या गणिताने एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळायला सुमारे ८० अँपिअर लागतात. जाडी दुप्पट केली की हा आकडा दुप्पट होत नाही, जवळजवळ २.८ पट होतो.

आपल्याकडे फ्यूज उडाला की वायरीतल्या चार काड्या काढून पीळ देऊन बसवतात. एक काडी कदाचित सात अँपिअरला तुटेल. चार काड्यांचा पीळ कितीला तुटेल हे बसवणाऱ्यालाही सांगता येत नाही. चांदी, खिळा, तारेचा तुकडा, सगळ्यांचे तेच. घरच्या किटकॅटमध्ये हा प्रकार वाईटच; पण ट्रकमध्ये वायर हलत असते, घासत असते, तेलात भिजत असते, म्हणून तिथे तो अधिक वाईट.

मग प्रश्न येतो की जुन्या ट्रकमध्ये फ्यूज इतके थोडे का? कारण त्या काळी विजेचे कामच थोडे होते. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. तो करार १९६९ पर्यंत चालला. त्या पिढीच्या ट्रकमध्ये पुढचे दिवे, मागचे दिवे, हॉर्न, वायपर आणि सेल्फ एवढाच विजेचा संसार. त्याला मोजके फ्यूज पुरत. पुढे आपण त्यात भर घालत गेलो. टेप आला, केबिनमध्ये पंखा आला, धुक्याचे दिवे आले, टपावर रंगीत झालर आली, मोबाइलचा चार्जर आला, आता एलईडीच्या पट्ट्या आल्या. प्रत्येक वस्तू कोणी तरी रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात बसवली. वायर कुठून घेतली? सरळ बॅटरीवरून, नाहीतर चावीच्या स्विचवरून. मध्ये फ्यूज नाही. २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आले, तरी शेतापासून जिनिंगपर्यंत आणि मळ्यापासून मंडीपर्यंत फिरणारे जुने ट्रक अजून पुष्कळ आहेत.

तसाच एक ट्रक माझ्या भाच्याने सेकंडहँड घेतला. केळी आणि संत्री वाहायला. पहिल्या आठवड्यातच डॅशबोर्डमधून जळका वास आला, तेव्हा तो माझ्याकडे आला. “मामू, तुम्ही येता का?” आम्ही दोघांनी आणि एका जाणत्या इलेक्ट्रिशियनने मिळून दोन दिवसांत त्या गाडीला फ्यूज बॉक्स बसवला. काय केले ते क्रमाने सांगतो. नव्या, संगणक असलेल्या गाड्यांना मात्र हे लागू नाही. तिथे कंपनीच्या वायरिंगला हात लावू नये.

सर्वांत आधी बॅटरी सोडवायची आणि त्यात अर्थचे टर्मिनल पहिले काढायचे. बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह म्हणजे वजा बाजू चेसिसला जोडलेली असते. आधी अधिक बाजू सोडवायला गेलो आणि पाना चेसिसला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. अर्थ आधी काढला की पाना कुठेही टेको, वाट बंद असते. जोडताना उलटे: अर्थ सर्वांत शेवटी.

मग नकाशा. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही प्रत्येक वायर कुठून निघते, कुठे जाते ते काढले. भाच्याच्या गाडीत सात वायरी अशा निघाल्या की ज्या कुठेच जात नव्हत्या. टेप कधीच काढला होता, वायर जिवंत होती आणि तिचे टोक उघडे. त्या सगळ्या ओढून बाहेर काढल्या. अर्धी सुरक्षितता इथेच मिळाली.

त्यानंतर हिशेब. दिव्यावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. भाच्याची गाडी १२ व्होल्टची. पुढच्या दिव्याचे अप्पर ६० वॅटचे, म्हणजे ५ अँपिअर. गाडी २४ व्होल्टची असती तर तेवढ्याच वॅटला अडीच अँपिअर लागले असते. फ्यूज हा नेहमीच्या प्रवाहाच्या सव्वा ते दीडपट घेतात. ५ ला साडेसातचा चालला असता. पण हॅलोजन बल्ब थंड असताना लागताक्षणी जास्त प्रवाह ओढतो, म्हणून आम्ही १० चा घेतला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण जाणते लोकही इथे चुकतात. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बल्ब गेला तर पन्नास-शंभर रुपयांत दुसरा येतो. वायर पेटली तर गाडी जाते. म्हणून फ्यूजचा आकडा वायर जेवढे सोसते त्याच्या आतच पाहिजे. आम्ही सावध हिशेब ठेवला: एक स्क्वेअर एमएमच्या वायरीला १० पर्यंत, दीडच्या वायरीला १५ पर्यंत, अडीचच्या वायरीला २० पर्यंत, चारच्या वायरीला ३० पर्यंत. हॉर्नला जास्त प्रवाह लागतो आणि फ्यूज उडतो आहे, तर फ्यूज मोठा करायचा नाही. वायर जाड करायची आणि मगच फ्यूज वाढवायचा. मोठा फ्यूज आणि बारीक वायर म्हणजे मी लावलेली चांदीच.

आता फ्यूज ठेवायचा कुठे? दिव्याजवळ नाही, बॅटरीजवळ. पाण्याचा पाट फुटला तर आपण शेताच्या टोकाशी जाऊन बांध घालत नाही, डोक्याशी पाणी बंद करतो. वायरीचा जो भाग फ्यूजच्या अलीकडे, बॅटरीकडे असतो त्याला कसलेही संरक्षण नसते. म्हणून तो भाग वीतभराहून जास्त ठेवू नये. भाच्याच्या गाडीत आम्ही बॅटरीच्या अधिक टर्मिनलपासून वीतभर अंतरावर, झाकण असलेल्या होल्डरमध्ये ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज बसवला. तिथून १६ स्क्वेअर एमएमची एकच जाड वायर केबिनमध्ये आणली आणि तिच्यावर दहा खणांचा फ्यूज बॉक्स लावला. बॉक्स अशा जागी, जिथे पावसाचे पाणी गळत नाही आणि ड्रायव्हरचा हात रात्रीही पोचतो. सेल्फची जाड केबल या फ्यूजमधून नेत नाहीत, कारण ती शेकडो अँपिअर ओढते. तिच्यावर चांगली स्लीव्ह चढवली, ती कुठे घासणार नाही असे क्लॅम्प मारले, आणि गाडी उभी असताना सगळेच तोडता यावे म्हणून बॅटरीला कट-ऑफ स्विच दिला.

पुढच्या दिव्यांना आणि हॉर्नला रिले बसवले. रिले म्हणजे थोड्या प्रवाहाने चालणारा दूरचा स्विच. पूर्वी दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जायचा, म्हणून तो तापायचा. भाच्याला आलेला जळका वास त्याचाच होता. आता स्विचमधून रिलेला इशारा देण्यापुरता प्रवाह जातो आणि दिव्याची वीज रिलेतून थेट जाते. रिलेकडे जाणारी वायर अडीचची, तिला २० चा फ्यूज. रिलेपुढे डाव्या आणि उजव्या दिव्याला दीडच्या वायरी आणि १०-१० चे वेगळे फ्यूज. वेगळे का? रात्री भरल्या गाडीचा घाट चालू असताना एकाच फ्यूजमुळे दोन्ही दिवे गेले तर? फ्यूजने आग वाचवली आणि अपघात घडवला असे होऊ नये. एक दिवा गेला तरी एक राहिला पाहिजे.

बाकीचे काम कष्टाचे आहे आणि तेच लोक टाळतात. वायर पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट. वायरींवर स्लीव्ह, हातभर अंतरावर क्लॅम्प. सायलेन्सर आणि डिझेलच्या नळीपासून दूर. जोड पीळ देऊन टेप गुंडाळलेला नको; लग दाबून बसवलेला हवा. अर्थच्या जागेवरचा रंग आणि गंज घासून धातू उघडा करायचा, मग बोल्ट आवळायचा. कच्च्या अर्थमुळे दिवा मंद होतो आणि लोक वायर बदलत बसतात. त्या एका भोकाला चार-दोन रुपयांचे ग्रोमेट असते तर मी आज वेगळ्या विषयावर बोलत असतो.

फ्यूजच्या रंगांबद्दल सावध करतो. आता सगळीकडे मिळणारा दोन पात्यांचा प्लास्टिकचा फ्यूज ७० च्या दशकात अमेरिकेत निघाला. त्यात लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, पारदर्शक २५ चा आणि हिरवा ३० चा. त्याआधी जुन्या गाड्यांत चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या कांडीचे, दोन्ही टोके निमुळती असलेले फ्यूज येत. त्यांचे रंग वेगळे बोलतात: पांढरा ८ चा, लाल १६ चा, निळा २५ चा. ज्याच्या डोक्यात जुना रंग बसला आहे त्याने नव्या फ्यूजचा रंग पाहून अंदाज केला तर घोटाळा होतो. म्हणून रंग पाहू नका, आकडा वाचा. पात्यांचे हे साधे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंत चालतात, म्हणजे १२ आणि २४ दोन्ही गाड्यांना चालतात. घरातली एमसीबी मात्र ट्रकमध्ये लावू नये; ती घरच्या एसी विजेसाठी बनवलेली असते. आणि नाव-गाव नसलेले अगदी स्वस्त फ्यूज घेऊ नयेत. ज्याच्यावर आपण भरवसा ठेवणार तो वेळेवर वितळणारा पाहिजे.

सगळे झाले, तरी बॅटरी लगेच जोडली नाही. मामूंची एक युक्ती होती. सगळे स्विच बंद ठेवायचे आणि बॅटरीचे टर्मिनल व तिची केबल यांच्या मध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावायचा. बल्ब पेटला तर समजायचे की कुठे तरी वीज गळते आहे. भाच्याच्या गाडीत तो अंधारातच राहिला, तेव्हा बॅटरी जोडली.

हाच बल्ब आणखी एका कामाचा आहे. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर नवे फ्यूज जाळत बसू नका. त्याच्या जागी हा बल्ब लावा. वायर कुठे चेसिसला टेकली असेल तर बल्ब प्रखर पेटेल. पण बल्ब मध्ये असल्याने १२ व्होल्टच्या गाडीत प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही आणि वायर तापत नाही. २४ व्होल्टच्या गाडीला २४ चा बल्ब घ्यावा. मग वायर हाताने हलवत हलवत मागे जायचे. ज्या जागी हलवल्यावर बल्ब मंद होतो किंवा विझतो, तिथेच ती घासलेली असते. त्या संध्याकाळी दुकानात खोकाभर बल्ब होते. चांदीऐवजी त्यातला एक लावला असता तर अर्ध्या तासात ते भोक सापडले असते. अर्धा तास. रांग तर त्या रात्री हललीच नव्हती.

भाच्याचा खर्च सगळा मिळून चार हजारांच्या आसपास आला. ट्रकच्या नव्या टायरशी ताडून पाहा, म्हणजे तो किती थोडा आहे ते कळेल. एक विनंती मालकांना करतो. हा खर्च गाडीसाठी म्हणून करू नका. गाडीचा विमा असतो, मालाचाही असू शकतो. केबिनमध्ये रात्री झोपतो तो क्लीनर. गाडीचा धूर आधी त्याच्या नाकात जातो.

आणि एक विनंती त्या पोरांना, जी आज अशा दुकानांत पाना धरायला शिकत आहेत. ड्रायव्हर घाई करेल. चांदी तोच काढून देईल. नाही म्हणायला शिका. गिऱ्हाईक रागावून गेले तर जाऊ द्या.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून मी एक कागद चिकटवला. कोणत्या खणात काय, किती अँपिअर, हे मराठीत, ठळक अक्षरात लिहिले. खाली एका पिशवीत प्रत्येक आकड्याचे दोन-दोन जास्तीचे फ्यूज ठेवले. कारण रात्री रस्त्यावर योग्य फ्यूज हाताशी नसला की माणूस चांदी शोधतो.

तो क्लीनर पोरगा आज पन्नाशी ओलांडलेला आहे. तो केळीच्या काट्यावर हिशेब लिहितो, डाव्या हाताने. भाचा पहिली खेप भरायला गेला तेव्हा मीही बरोबर होतो. त्याने केबिनमध्ये चढून झाकण उघडले, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, “जास्तीचे ठेवले नं?”

“ठेवले,” मी म्हणालो.

“मंग ठीक हाय,” म्हणाला, आणि झाकण बंद करून काट्याकडे गेला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)